लोखंडाशिवाय लोहचुंबक

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझा कुणावरही विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. हापूसच्या बागेत ज्याचा जन्म गेला त्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर? फळ बाहेरून बघावं तर देखणं, देठाशी खांदे भरलेले, वास असा की मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपटातून, घराच्या ओटीपर्यंत यावा. आणि सुरी घातली की कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. ह्याला आम्ही साका म्हणतो. साका डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, नाकाला कळत नाही. कापल्याशिवाय त्याचा पत्ता नाही, आणि कापलेलं फळ विकता येत नाही. असल्या धंद्यात माणूस संशयी होणार नाही तर काय होणार?

यंदा पुन्हा हंगाम आलाय. मांगरात पेंढा पसरलाय, आढी लागलीय. पेंढ्याखाली हात घातला की फळांची ऊब लागते, तापातल्या माणसाच्या कपाळासारखी. कातळावर आमसुलं वाळत टाकलीत, त्यांचा लाल रस दगडात मुरलाय. गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या वळणावर थांबतात, काच खाली होते, आणि आतून विचारतात, "ओरिजिनल आहे ना?" मी म्हणतो, "कापून बघा." ते हसतात. मी हसत नाही. दुपार कलली की समुद्राच्या बाजूने ढगाची एक कड उठते आणि गावातला एकूण एक बागायतदार तिच्याकडे चोराकडे बघावं तसा बघतो. डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी अजून मला हाक येते, "तात्या, वायच हे फळ बघा." मी बघतो. हातात घेतो. मग सांगतो, "मला काय माहीत? आत जाऊन आलोय काय मी?"

हे बोललो की मला ते साल आठवतं.

रेवा माझी नात. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बोटीवर असतो. वर्षातले किती महिने तो पाण्यावर आणि किती जमिनीवर हे त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. त्यामुळे पोरगी वाढली ती माझ्या हाताखाली. झाडावर चढायला तिला मी शिकवलं, घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा देठासकट कसा उतरवायचा ते मी शिकवलं. पुढे ती शिकत गेली आणि मी मागे राहिलो. माझी शाळा चौथीत संपली, त्याचं मला दुःख नाही. मास्तर माझ्यावर खूश नव्हते आणि मी मास्तरांवर नव्हतो. पण रेवा रत्नागिरीचं कॉलेज संपवून मोठ्या शहरात गेली, तिथून पुढे संशोधनात गेली, आणि मग ती नक्की करते काय हे गावात कुणाला सांगता येईना.

त्या साली मोहोर उशिरा आला होता. रेवा आली तेव्हा पहिली आढी नुकती लागली होती. ओटीवर बसून ती फळं पुसत होती, मी निवडत होतो.

"कशाचं संशोधन गो तुझं? एकदा सांग तरी नीट."

"सेंद्रिय वाहक, आजोबा."

सेंद्रिय हा शब्द मला खताच्या पोत्यावरून ठाऊक. म्हटलं, चला, शेतीतलं काही असेल. पण नाही.

"विजेची तार कशाची असते?" तिने विचारलं.

"तांब्याची. नाहीतर ॲल्युमिनची."

"आम्ही कोळसा आणि गंधक ह्यांच्या जातीतली द्रव्यं घेतो. त्यांचे स्फटिक वाढवतो. त्यातून वीज नेतो."

"कोळशातून?"

"त्याच्या भावकीतलं समजा."

"रबर, लाकूड, प्लास्टिक ह्यातून वीज जात नाही, म्हणून तर वायरमन जिवंत आहेत."

"नीट रचलं की जाते. आणि गंमत पुढेच आहे. आत विजेचे जे कण असतात ना, इलेक्ट्रॉन, ते एकेकटे अडकले की प्रत्येक जण बारीक लोहचुंबकासारखा वागतो."

"त्यात लोखंड किती घालता?"

"अजिबात नाही."

"मग लोहचुंबक कसला?"

ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही. आमच्या अंगणात बसून, आमचीच फळं पुसत, कोणी असं हसू नये.

त्याच बैठकीत तिने खरी गोष्ट काढली. हे स्फटिक मोजायला एक फार मोठं यंत्र लागतं, ते दूरच्या एका थंड देशात आहे, आणि तिला तिकडे जाऊन राहायचंय. एक पूर्ण हिवाळा, कदाचित जास्त. बापाने बोटीवरून सांगितलं होतं, आजोबा हो म्हणाले तर जा.

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तरी जाईन," ती म्हणाली. मान वर न करता, फळ पुसत. "पण मग आंब्याला घरी येणार नाही."

हा हट्ट तिने कुणाकडून उचलला हे विचारायची सोय नव्हती. मी उठून मांगरात गेलो. पेंढा वरखाली केला. काही काम नव्हतं.

आता दुसरा तुकडा. गडग्यापलीकडे माझा चुलतभाऊ दिगू राहतो. गडगा म्हणजे चिऱ्यांची कमरेएवढी भिंत, आमच्या बापांनी भांडून घातलेली. त्यावर कोपरं टेकून आम्ही जन्मभर बोलत आलो. त्या वर्षी दिगूकडे दोन माणसं येऊ लागली. पांढरे सदरे, पांढरी गाडी, पुळ्याच्या लॉजवर उतरलेली. त्यांना जुनी तांब्याची भांडी हवी होती. म्हणे एखाद्या भांड्यावर कधीकाळी वीज पडलेली असते, त्यात शक्ती भरते, आणि मग ते भांडं तांदूळ ओढतं.

"तांदूळ?" मी म्हटलं.

"ये बघायला," दिगू म्हणाला. "तुला मेल्या कशातच काही खरं वाटत नाही. बायको घरात असली तरी हाक मारून खात्री करायचास तू."

गेलो. त्यांनी आणलेलं भांडं पाटावर ठेवलं, भोवती तांदळाचे दाणे टाकले. दाणे खरोखर सरकले. मुंग्यांसारखे भांड्याकडे गेले आणि चिकटले. दिगूचं तोंड उघडंच राहिलं. मी आत जाऊन त्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर तांदूळ आणला.

"आता हा ओढून दाखवा."

"काका, हा उकडा तांदूळ. उकडलेल्यावर शक्ती चालत नाही."

मी परत आत गेलो. सणासुदीला ठेवलेला सुरय, न उकडलेला तांदूळ, आणला.

"ह्याला घराचा हात लागलाय. आमचा तांदूळ शुद्ध केलेला असतो."

"मग धुऊन आणू?"

"ओल्यावर चालत नाही."

"वाळवून?"

"आज तिथी बरोबर नाही, काका."

एकेक प्रश्न टाकावा आणि त्यांच्याकडे उत्तर तयार. मधून मधून म्हणत होते, लॅबमध्ये टेस्ट करायचंय, परदेशातले शास्त्रज्ञ मागे लागलेत, सगळा इलेक्ट्रॉनचा खेळ आहे, मॅग्नेटिक पॉवर आहे. ते बोलत होते आणि मी गडग्यावरून माझ्या ओटीकडे बघत होतो. कारण हे सगळे शब्द मी आदल्या आठवड्यात माझ्या ओटीवर ऐकले होते. लॅब. परदेश. इलेक्ट्रॉन. लोखंडाशिवाय ओढणारी वस्तू.

घरी आलो आणि रेवाला सरळ विचारलं, "तुझ्या स्फटिकात तांबं असतं काय गो?"

"असतं थोडं. पण ते नुसतं मध्ये बसून असतं, चुंबकपणात त्याचा भाग नाही. का?"

"काही नाही."

असतं थोडं! मी म्हटलं, आता झालं. दिगूला दोघांनी गाठलाय, माझ्या पोरीला कुणी गाठलंय कोण जाणे. तिला फसवलंय, नाहीतर तीच कुणाला तरी फसवतेय. दुसरं तर तोंडातूनही काढवेना.

तिने दाखवायला म्हणून काचेची एक कुपी आणली होती. आत स्फटिक. मी स्फटिक म्हणजे खडीसाखर समजत होतो. हे काळे, चमकणारे, उडदाच्या सालीएवढे पापुद्रे. ती आईबरोबर बाजारात गेली तेव्हा मी कुपी खाली काढली. मुलाने बोटीवरून आणलेलं जुनं होकायंत्र घरात आहे. ते पाटावर ठेवून कुपी त्याच्याजवळ नेली. काटा हलला नाही. दुसऱ्या बाजूने नेली, तरी नाही. मग झाकण उघडून पापुद्रे कागदावर ओतले आणि टाचणीचं टोक लावून बघितलं. चिकटतोय का? एकही नाही. टाचणीने ढोसून बघितलं. नुसते मोडले.

एवढ्यात ती दारात.

"आजोबा, तुम्ही ह्याला टाचणी लावलीत?"

"लावली. चुंबक आहे म्हणालीस ना? ओढत नाही काही. होकायंत्रही ढिम्म."

"असं कसं ओढेल? आतले शेजारी कण एकमेकांचा जोर काटतात, बाहेर काही उरत नाही! आणि लोखंड लावलंत. लोखंडाचा कण लागला की हे माझ्या दृष्टीने मेलं."

"ज्यात काही लपवाछपवी नाही त्याने लोखंडाला भ्यायचं कारण काय?"

तिचा चेहरा उतरला. रागाने नव्हे. तिला कळलं होतं मी काय म्हणतोय ते. कागदाची पुडी करून ती चुलीकडे गेली आणि राखेत टाकून आली. मग म्हणाली, "तुम्ही माझी झडती घेतलीत." त्यावर मी काय बोलणार? झडती घेतलीच होती, आणि तसाच प्रसंग आला तर परत घेईन. आंधळेपणाने लाड करणं हे मला जमलेलं नाही.

पण त्यानंतरचे दिवस फार लांबले. ती कामाला कमी पडली नाही. पेट्या भरल्या, पेंढा चढवला, खिळे ठोकले. फक्त बोलली नाही. घरात फणसाचा वास कोंडला होता, पंख्याचा आवाज येत होता, आणि समोरासमोर बसून दोन माणसं फळं निवडत होती, एकमेकांकडे न बघता. त्या दिवसांतला आंबा कसा होता हे मला विचाराल तर सांगता येत नाही. खाल्ला असेन.

मध्येच एका सकाळी दिगू गडग्यावर आला, तोंड पाडून. पांढऱ्या सदऱ्यांनी त्याचा आजोबांच्या वेळचा तांब्याचा हंडा तपासायला म्हणून नेला होता, आणि आता फोन लागत नव्हता. लॉजही रिकामा. मागे पाटाखाली सांडलेले त्यांचे तांदूळ सुनेने झाडताना बघितले तर दाण्यादाण्यात लोखंडाची बारीक कणी. म्हणजे त्यांच्या भांड्याच्या बुडात लोहचुंबक दडवलेलं.

"मी सांगत होतो," मी म्हटलं.

"सांगत होतास. सगळ्यांबद्दलच सांगतोस, त्यात एक खरं निघणारच." मग तो चिडलाच. "आणि ऐकून ठेव. माझे चोर निदान लोखंड घालून फसवत होते. तुझी नात तर लोखंडाशिवाय फसवते! मोठी आली विद्वान."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते वाक्य मला लागलं. माझ्या मनातलं तो बोलला होता, आणि त्याच्या तोंडून ते मला सहन झालं नाही.

मग मॅडम आल्या. रेवाच्या मार्गदर्शक, गोव्याहून कसल्याशा परिषदेतून परतताना वाट वाकडी करून. मी पुस्तकातली बाई येईल असं समजत होतो. आली ती सोलापूरकडची, गुडघा धरून पायऱ्या चढणारी, घामाने भिजलेली. "काय उकडतंय हो तुमच्याकडं! आमचं ऊन भाजतं, तुमचं शिजवतंय." सुनेने गूळपाणी दिलं, ते त्या घटाघटा प्यायल्या. जेवायला भात, फणसाची भाजी, सोलकढी. सोलकढी दोनदा मागून घेतली. म्हटलं, असू दे. पांढऱ्या सदऱ्यांनीही दिगूकडे दोनदा मागितली होती.

जेवण झाल्यावर ओटीवर बसलो. मी आडपडदा ठेवला नाही.

"मॅडम, तुमच्या वस्तूत लोखंड नाही, आणि तुम्ही म्हणता ती चुंबक. गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्याचा हंडा असाच गेला."

रेवाने डोळे मिटून घेतले. मॅडम मात्र नीट बसल्या. "सगळं सांगा बघू."

मी सांगितलं. तांदूळ, कणी, हंडा, सगळं. टाचणीसुद्धा. त्या हसतील असं वाटलं होतं, नाही हसल्या.

"तात्या, तुमच्यासारखंच मला एकदा झालंय. उलट्या बाजूनं. तरुण होते तेव्हा. असेच स्फटिक केले, मोजले, आणि चक्क चुंबकपणा आला. भरपूर. सगळ्यांनी पाठ थोपटली, छापून आलं. पण मला ते फारच चांगलं दिसत होतं. इतकं चांगलं असतं का कुठं?"

"नसतं," मी म्हटलं.

"म्हणून मीच परत केलं सगळं. एकेक गोष्ट बदलत. शेवटी चिमटा बदलला. लोखंडी होता, प्लास्टिकचा घेतला. चुंबकपणा गायब! चिमट्याचे कण लागत होते हो. तांदळातली कणीच. फरक इतकाच, की त्यांनी घातली होती, माझ्याकडं पडली होती."

"मग?"

"मग काय. जिथं छापलं होतं तिथंच लिहिलं, की माझं चुकलं."

"तुमचं तुम्हीच पकडलंत?"

"दुसऱ्यानं पकडेपर्यंत थांबायचं होतं का? तेव्हापासून माझ्या पोरींना सांगते, पहिला संशय आपल्यावर. लोखंड जवळ आणायचं नाही. रेवा ओरडली असेल तुमच्यावर, त्याला कारण मी आहे."

मला कुणाचं पटलं की माझा आवाज आणखी चढतो, असं माझी बायको म्हणायची. मी चढ्या आवाजातच विचारलं, "पण मग आता कशाला एवढ्या लांब? इथे काय मोजता येत नाही?"

उत्तर रेवाने दिलं. कितीतरी दिवसांनी. तिने टोपलीतल्या तीन कैऱ्या घेतल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या, त्रिकोणात.

"हे तीन कण. देठ वर, नाहीतर देठ खाली. आणि शेजाऱ्याच्या उलट राहायचं, हा प्रत्येकाचा स्वभाव."

"माझा आणि दिगूचा."

"होय. ही वर. मग ही खाली. आता तिसरी?"

मी तिसरी कैरी वर केली. ती पहिलीसारखी झाली. खाली केली; दुसरीसारखी झाली. परत वर केली. हे दोघांशी उलट कसं राहायचं? मग मी ती आडवी ठेवली.

मॅडम मोठ्याने हसल्या. "काही स्फटिक हेच करतात बघा! सगळे थोडे थोडे कलतात आणि भागवून घेतात. पण आमचा हा कलतही नाही. कितीही गार करा, बसतच नाही."

"शेवटी काय करतो?"

"त्यावर जगभर भांडण आहे. कोण म्हणतं शेवटपर्यंत चुळबुळत राहतात. कोण म्हणतं जोड्या लावून गप होतात. मला ठाऊक नाही."

"आणि तुम्ही म्हणता त्याच्या उलट निघालं तर?"

"तर रेवा तसं लिहील."

"लिहीन," रेवा म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती. मला होकार मागत नव्हती, हे मला दिसलं. मी अजून तिला चोर समजतो का, तेवढंच ती बघत होती.

मी म्हटलं, "विचार करतो."

मॅडमची गाडी गेली. रेवा पेट्यांकडे गेली. ऊन उतरायला लागलं होतं, कातळावरची आमसुलं सूनबाई गोळा करत होती. गडग्यावर दिगूची कोपरं आली.

"काय रे, पटलं तुला, कोळसा चुंबक असतो ता?"

"नाही."

"मग पोरीला पाठवणार नाहीस?"

"त्याचा काय संबंध?"

तो बघतच राहिला. त्याला कळलं नाही, आणि त्याला कळावं अशी माझी इच्छाही नव्हती. खरं सांगायचं तर आजही माझं तेच मत आहे. लोखंड नसलेला लोहचुंबक मी बघितलेला नाही, आणि जे बघितलं नाही त्यावर मी मान डोलवणार नाही. पण स्वतःच्या फळाला आधी सुरी लावणारं माणूस मी ह्या धंद्यात फार थोडं बघितलंय. अशा माणसाच्या हाताखाली आपली पोर असेल तर तिला अडवून धरायचं कशासाठी? तिच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल मी तिला काही बोललो नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेलो. दुकानं उघडत होती, रस्त्यावर पाणी मारत होते, आणि एवढ्या सकाळीही सदरा पाठीला चिकटला होता. बाजारात शोधत शोधत एका दुकानात शिरलो आणि लोकरीची कानटोपी मागितली. दुकानदार म्हणाला, "ह्या उकाड्यात, आजोबा? डोकं केवढंसं?" म्हटलं, "माझ्या घरातलं आहे, त्यावरून काय ते समज." त्याने दाखवली ती मी उलटी करून आतला एक धागा ओढला, काडी पेटवून त्याला लावली. धागा वितळला, टोकाला काळा मणी झाला. "हे प्लास्टिक," मी म्हटलं. "अहो, दुकान जाळाल!" तो ओरडला, पण माळ्यावर चढला. तिथून आणलेल्या टोपीचाही मी धागा काढला आणि दुसरी काडी ओढली. केस जळल्यासारखा वास आला.

"ही बांध," मी म्हटलं. "आणि आता हातमोजे काढ."